डाव्या पायाचा मोजा

केलाँग, ९ जानेवारी १९८६

चि. डोलकर हिस अनेक आशीर्वाद.

खिंड बर्फाने बंद आहे. हेलिकॉप्टर उद्या टपाल घेऊन कुलूकडे जाणार म्हणतात, म्हणून घाईत लिहितो. तुझी आमा छतावरचा बर्फ ढकलताना घसरली. उजवं मनगट मोडलं. जेवते, झोपते, माझ्यावर ओरडते, काळजी नको. रडते ती मोज्यांसाठी. तुझ्या नवऱ्याला द्यायला मला चोरून विणत होती. उजवा झाला, डावा घोट्यापाशी अडला. शेवटी सुया मी हातात घेतल्या. आपल्याकडे पुरुष लोकर काततात, विणत नाहीत. शेजारचा पलदन रोज येऊन बघतो आणि पोट धरून हसतो.

गैरसमज नको. मला, बापाला, न विचारता तू लग्न केलंस, ते तीन वर्षांत मी विसरलेलो नाही. हे आमासाठी. टाच कशी वळवायची ते तिला हात हलवल्याशिवाय सांगता येत नाही. तू लिही. पायाचं मापही कळव.

तब्येतीला जप.
आबा

कुलू, २४ जानेवारी

ती. आबांस शि. सा. न. वि. वि.

निम्मे टाके दोन सुयांवर तसेच राहू द्या, उरलेल्यांवर येऊन-जाऊन विणा. टाचेचा चौकोन झाला की कडेचे टाके उचला. शिव्या देऊ नका, लोकर गुंतते.

मापाचे दोन दोरे पाठवते. आखूड दोरा डाव्या पायाचा. दोन वर्षांपूर्वी रोहतांगवर बर्फ काढताना खिमीरामचा डाव्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट गारठून झडलं. खिंडीचा रस्ता दर उन्हाळ्यात मोकळा करणाऱ्या टोळीत तो आहे. तुम्ही त्याचं नाव काढू देत नव्हता, मग सांगणार कुणाला?

आमाला मिठी. तुमचा राग थोडा उतरावा, एवढीच विनंती.
डोलकर

केलाँग, २० फेब्रुवारी

चि. डोलकर हिस आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. गेल्या सप्टेंबरात बटाट्याची पोती घेऊन मी त्याच रस्त्याने खाली उतरलो. ट्रक तुझ्या गल्लीवरून गेला. मी उतरलो नाही. हे आमालाही काल सांगितलं.

मोज्याचं टोक अंगठ्याच्या बाजूने उतरतं करायला तीनदा उसवावं लागलं. आमा म्हणते, टाके माझ्या दाढीसारखे आहेत, कुठे दाट, कुठे विरळ. जोडी पाठवतो आहे. बसतो की नाही, ते त्यालाच लिहू दे.

आबा

कुलू, १२ मार्च

ती. आबांस सा. न.

आबा म्हणायची परवानगी मागितलेली नाही, तरी लिहितो. मोजा बसला. आजवर त्या पायाच्या मोज्यात चिंधी कोंबत होतो. त्याच्या मापाचा मोजा कुणी विणला नव्हता. धुवायलासुद्धा देत नाही, म्हणून डोलकर मला खाटेच्या पलीकडच्या टोकाला बसवते.

यंदा मेअखेरीस आमची टोळी खिंडीपलीकडे, तुमच्या बाजूला, कोकसरला पोचेल. तिथून केलाँगला यावं का, एवढं कळवावं. नाही म्हणालात तरी वाईट वाटून घेणार नाही, असं डोलकरने लिहायला सांगितलंय. मला वाटेल.

आपला,
खिमीराम

केलाँग, ३ एप्रिल

चि. खिमीराम यास अनेक उत्तम आशीर्वाद.

आमा म्हणते घरीच वाट बघा. तेवढा धीर मला नाही. मीच कोकसरला येतो. आपण एकमेकांना पाहिलेलं नाही, म्हणून खूण सांगतो. बुटका म्हातारा, तपकिरी लोकरीचा लांब कोट, पुलाच्या अलीकडे उभा असेन. मला कमी ऐकू येतं, हाक मोठ्याने मार. आबा म्हणूनच मार.

अंगरूप