दोन बटणांचा कमोड आणि बाबांचं वाचनवेड

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आणि भावोजींची साखर, दोन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो. आमची विचारशील, तर तब्येती बऱ्या आहेत, डोकी ठिकाणावर नाहीत, आणि ती का नाहीत ते सविस्तर कळवायलाच हे पत्र. कारण हे सगळं तुझ्यामुळे झालेलं आहे.

मागच्या भेटीत तू आमच्या संडासात गेलीस आणि बाहेर आलीस ती भाषण करतच. वरच्या टाकीतून एका साखळीसरशी बारा लिटर पाणी जातं (तू ते मोजलंस कशाने, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही), तुमच्यासारख्यांमुळेच धरणं आटतात, वगैरे. धरण मी एकट्यानेच आटवलं असावं, असा एकूण सूर होता. तू परत गेलीस आणि हिने तुझं ते पाणीबचतीचं माहितीपत्रक फ्रिजवर चिकटवलं. लग्नाला तीस वर्षं झाली, पण नणंद-भावजयीचं पहिलं एकमत झालं ते माझ्या कमोडवर.

मग प्लंबर आला. हा सद्गृहस्थ नऊला आला आणि साडेनऊपर्यंत जुना कमोड, टाकी, साखळी आणि भिंतीलगत उभा असलेला तो जाडजूड लोखंडी पाइप, सगळं उचकटून गॅलरीत रचून मोकळा झाला. त्यानंतर त्याच्या लक्षात आलं की नव्या कमोडचं तोंड भिंतीकडे आहे आणि आमचं भोक जमिनीत. ‘साहेब, हे मॉडेल तुमच्या घराला चालणार नाही,’ असं त्याने मलाच सुनावलं, जसं काही घर मी दुकानातून चुकीचं उचलून आणलं होतं. बदली कमोड यायला अडीच दिवस लागले. ते अडीच दिवस आम्ही तिघं आळीपाळीने शेजाऱ्यांच्या दारात ‘सहज आलो होतो’ असा चेहरा करून उभे राहत होतो. शेजारीही सभ्य, पण तिसऱ्या खेपेला त्यांनी ‘बसा’ म्हणणंसुद्धा सोडलं आणि नुसतं बोट दाखवायला लागले.

एकदाचा नवा कमोड बसला. त्याला दोन बटणं, छोटं तीन लिटरचं, मोठं सहाचं. आता ताई, तू आपल्या घरातच वाढली आहेस. आपल्याकडे कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघतात. तीन लिटरवर कोण विश्वास ठेवणार? ही आधी छोटं दाबते, मग खात्रीसाठी मोठं, आणि मग मनाच्या समाधानासाठी बादलीभर पाणी ओतते. मी बादली ओतत नाही (दोनदा मोठं दाबतो). हे सगळं मिळून किती लिटर होतं ते तू मोजू नकोस.

पण खरा वैताग दिला तो बाबांनी. पहिल्या दिवशी म्हणाले, बुटका आहे. दुसऱ्या दिवशी म्हणाले, आवाजच येत नाही, काही झाल्यासारखं वाटत नाही. तिसऱ्या दिवशी पांढरा रंग डोळ्यांना लागतो म्हणाले. जुना काय जांभळा होता? आणि चौथ्या दिवसापासून त्यांना वाचनाचं वेड लागलं. ज्या माणसाने जन्मात निधनवार्तांपलीकडे काही वाचलं नाही, तो दिवसातून तीनदा काठी टेकत कोपऱ्यावरच्या वाचनालयात जायला लागला. मी आपला चारचौघांत कौतुक सांगत फिरतोय, आमचे बाबा बघा, ब्याऐंशीव्या वर्षी! एकीकडे पाणी पिणं मात्र त्यांनी जवळपास सोडलं. भरलेला तांब्या सकाळचा संध्याकाळपर्यंत तसाच. डॉक्टर माझ्यावर डाफरले, मी बाबांवर डाफरलो.

मंगळवारी ते चष्मा विसरून गेले म्हणून मी तो घेऊन मागोमाग गेलो. ग्रंथपालबाई म्हणाल्या, आजोबा होय, ते वाचायला कुठे येतात, ते मागच्या संडासात जातात आणि आम्हाला नमस्कार करून घरी जातात. मी आत डोकावून बघितलं. तिथे आपल्या जुन्या टाकीसारखीच उंच टाकी आणि उजव्या हाताला तसाच लोखंडी पाइप. तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. घरी येऊन गॅलरीत भंगारवाल्यासाठी पाइप वेगळा काढत होतो, तेव्हा दिसलं. अख्ख्या पाइपवर जुना रंग शाबूत होता, फक्त वीतभर जागा झिजून लखलखत होती. बसलेला माणूस उठताना जिथे हात घालेल, बरोबर तिथे.

इतकी वर्षं ते त्या पाइपला धरून उठत होते, ताई. कुणाला कळू दिलं नाही. आणि मी तो काढून टाकला, वर त्यांनाच बोललो. मला फार लाज वाटली.

भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. रविवारी ठरल्याप्रमाणे बाबांना तुझ्याकडे आणतोय. प्लंबरचा नंबर मागितला होतास, तो देणार नाही. खरं तर एवढ्यासाठीच पत्र लिहायला घेतलं होतं : रविवारच्या आत तुझ्या संडासात उजव्या हाताला एक भक्कम दांडी ठोकून घे. बाबांनी विचारलं तर टॉवेलसाठी आहे म्हण. आमच्याकडे दांडी बसवली तेव्हा मीही तेच सांगितलं आणि वर टॉवेल अडकवला. तांब्या आता दुपारीच रिकामा होतो.

ता. ता. क. आमची दांडी हलत नाही ना, हे बघायला मी रोज ती धरून उठतो. निव्वळ तपासणी म्हणून.

आणखी एक. पाकीट बंद करत होतो तेवढ्यात बाबा आले. म्हणाले, ‘तो टॉवेल काढ तिथून. हात घसरतो. तुझाही घसरत असेल.’ तेव्हा तू टॉवेल लावूच नकोस. तुझाही गुडघा आहेच.