तुम्ही उघडलेल्या बाटल्या

अण्णा,

वडिलांना 'तीर्थरूप' लिहायची रीत आहे. मी लिहिणार नाही. परवा तुमचं वर्षश्राद्ध. दादा त्या दिवशी रानाच्या कडेला पाटी लावणार आहे, 'अण्णांचा लसूण'. म्हणून हे पत्र.

आपल्या चौसाळ्याच्या रानातला तो बारीक पाकळीचा, तिखट लसूण. पानांवर पिवळ्या रेघा यायच्या, गड्डे दरसाल लहान होत चालले होते. रोग पाकळीतच होता आणि तीच पाकळी आपण पुन्हा लावायचो. अंबाजोगाईला शिकताना मला उपाय कळला. पाकळीच्या पोटातल्या कोंबाचं अगदी टोक घ्यायचं, जिथं रोग सहसा पोचलेला नसतो, आणि ते बंद बाटलीत वाढवायचं.

मागच्या खोलीत किती कोंब सडले, तेव्हा कुठे काही बाटल्यांत हिरवी पाती उभी राहिली. तुम्हाला बजावलं होतं, झाकण काढू नका, हवा लागली की बुरशी धरते.

आष्टीचे पाहुणे मला बघायला आले, तेव्हा तुम्ही त्या बाटल्या बैठकीत मागवल्यात. "आमची पोरगी लसणाचं लोणचं घालती," म्हणालात. सगळे हसले. मी म्हणाले, "अण्णा, उघडू नका." तुम्ही एकेक झाकण फिरवलंत. चुकून नाही. माझ्याकडे बघत.

पुढं सगळ्यांवर पांढरी बुरशी चढली. "बरं झालं, आता लग्नाचं बघ," एवढंच बोललात. बोटभर पातीची एवढी कसली भीती वाटली तुम्हाला?

मी घर सोडलं. अंबाजोगाईत भाड्याच्या खोलीत पुन्हा सुरुवात केली. तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा रोपं घेऊन आले, आपल्याच रानात लावली. दुसऱ्या हंगामात गड्डे भरले. आणि भेटायला येणाऱ्यांना तुम्ही सांगत राहिलात, "आमीच केलं हे." दाराआडून मी ऐकत होते. बरे झालात की भांडणार होते. तेवढंही तुम्ही होऊ दिलं नाहीत.

काल आई म्हणाली, "गेलेल्या माणसावर कशापायी राग धरती?"

"होते तवा ऐकलं का त्यांनी माझं?"

ती गहू निवडत राहिली. मग म्हणाली, "माझं बी न्हाई ऐकलं. दादाला मी सांगते, पाटी नको."

श्राद्धाला मी असेन, आईसाठी. बियाणं मागेल त्याला देईन. हा लसूण कुणी केला असं कुणी विचारलं, तर भावकीसमोर माझं नाव सांगेन, आणि तुम्ही काय केलंत तेही सांगेन. हा माझा शब्द.

तुमचीच मुलगी,
सुरेखा