तिच्या वाटचा भात

२ नोव्हेंबर, रविवार

पोहोचले एकदाची! जपानला येण्याची ही सहावी खेप. पहिल्या चार खेपांना पुण्याच्या कंपनीने दुभाषी म्हणून पाठवलं, पाचवी आणि ही निवृत्तीनंतरच्या माझ्या हौसेची. आता तोक्योचे झगमगते चौक नकोत आणि क्योतोची देवळंही नकोत. एक वस्ती धरायची, गल्ल्या पायांना पाठ होईपर्यंत फिरायचं, तिथलं खायचं, तिथल्या माणसांशी गप्पा छाटायच्या. यंदा ओसाकातलं शोवाचो धरलंय. तेन्नोजीच्या गर्दीपासून एकच स्टेशन पुढे, पण उतरलं की खेडेगावात आल्यासारखं वाटतं.

घर म्हणजे पाच बिऱ्हाडांची लाकडी बैठी चाळ. माझं टोकाचं. शेजारी तामुरा-सान नावाच्या ऐंशी ओलांडलेल्या बाई एकट्या राहतात. त्यांच्या आणि माझ्या दारांच्या मधोमध छपराखाली एक बाक आहे. मी वाकून नमस्कार केला, चार वाक्यं बोलले, तर माझ्याकडे बघतच राहिल्या. साडी नेसणारी बाई अस्खलित जपानी बोलते म्हटल्यावर लोक बघतातच. मला सवय आहे, आणि खरं सांगायचं तर आवडतंही.

चारुताला फोन केला. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय आणि आई निघाली जपानला, म्हणून समस्त कामत घराण्याने नाकं मुरडली आहेत. तारीख डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातली आहे. या महिन्याच्या एकोणीसला माझं परतीचं विमान, वीसला घरी. तोवर जावई धीरज आहे तिच्यापाशी. शब्द दिलाय, आणि मी शब्दाची पक्की आहे.

३ नोव्हेंबर, सोमवार

आज काय मजा झाली! सकाळी दार उघडलं तर बाकावर काळ्या लाखेचं ताट. झाकणाच्या वाडग्यात भात, दुसऱ्यात मिसोचं सूप, बशीत शिजवलेला लाल भोपळा, शेजारी चॉपस्टिक्स. सगळं गरम. बाक दोघींचा, पण ताट माझ्या दाराच्या बाजूला सरकवलेलं. नव्या शेजारणीचं स्वागत, दुसरं काय? आत आणलं आणि चाटूनपुसून खाल्लं. भोपळा तर असा, की मी पुन्हा कधी आपल्या भोपळ्याच्या भाजीला नावं ठेवणार नाही.

मग भांडी घासली. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायची आपल्याकडे पद्धत नाही. दिवाळीचा फराळ बरोबर आणलाच होता. भाताच्या वाडग्यात बेसनाचे दोन लाडू ठेवले, झाकण घातलं आणि ताट होतं तिथे ठेवून दिलं. संध्याकाळी परत आले तेव्हा ताट आत गेलेलं होतं. सासूबाई असत्या तर शाबासकी मिळाली असती.

दिवसभर पायपीट केली. लोणच्याच्या दुकानात एक तास गेला. मालक ओनिशी-सान, जपानी माणसाच्या मानाने भलतेच बडबडे.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आजही ताट. आज मासा होता. आज चिवडा घालून परत केलं. ताट ठेवताना तामुरा-सान खिडकीत दिसल्या. तोंडावर हात होता, डोळ्यांना धार लागलेली. मी हसून मान लववली, तर त्या कमरेत वाकल्या, आणि वर यायलाच तयार नाहीत. दोन लाडवांसाठी एवढं?

६ नोव्हेंबर, गुरुवार

ओनिशी-साननी आज मला काझुए-सान म्हणून हाक मारली. मी म्हटलं, मी कामत, पुण्याची. ते हसले, माफी मागितली, आणि तुम्हाला आवडतं ते, असं म्हणून मुळ्याचं लोणचं बांधून दिलं. मला मुळा आवडतो असं मी त्यांना कधीच म्हटलेलं नाही. मला मुळा आवडत नाही.

परतताना कोपऱ्यावरच्या न्हाव्याने विचारलं, गुडघा कसा आहे आता? माझे गुडघे या वयातही ठणठणीत आहेत. मी थांबून विचारलं, कोणाचा गुडघा? तर तो नुसता आदबीने वाकला आणि आत गेला.

माझ्यामागे ही गल्ली माझ्याबद्दल बोलते आहे, एवढं नक्की. पण काय बोलते?

८ नोव्हेंबर, शनिवार

शेवटी तामुरा-साननाच विचारलं. त्यांनी आत बसवलं, चहा दिला. मग जे सांगितलं ते ऐकून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काझुए त्यांची मुलगी. एकतीस वर्षांपूर्वी, एकोणतिसाव्या वर्षी, याच बाकावर बसून बूट घातले, येते म्हणाली आणि गेली. परत आली नाही. तेव्हापासून त्या रोज सकाळी तिचं ताट मांडतात. परगावी गेलेल्या माणसाच्या वाटचं ताट मांडलं की ते माणूस जिथे असेल तिथे उपाशी राहत नाही. ही प्रथा मला ठाऊक होती! एका पुस्तिकेच्या कामात मी तिचं भाषांतरसुद्धा केलंय. पण ते ताट घरात मांडतात. मुलगी बाकावरून गेली म्हणून बाई बाकावर मांडत होत्या. आणि मी शहाणी, सहा वेळा जपानला आलेली, बसून जेवले.

मी कान धरायचे तेवढे बाकी ठेवले. म्हटलं, चूक झाली, तो भात मी खाल्ला. त्या शांतपणे म्हणाल्या, हो, तूच. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

‘तू’ म्हणाल्या. जपानीत परक्या बाईला असं कोणी बोलत नाही.

उठताना मी लाडवांची चौकशी केली, गोड जास्त झाले नाहीत ना? त्या म्हणाल्या, त्यांनी खाल्लेच नाहीत. घरात नेऊन झाकण काढलं तेव्हा वाडगा रिकामा होता.

९ नोव्हेंबर, रविवार

ताटाला हात लावला नाही. दिवसभर ओसाका किल्ल्याच्या बागेत फिरले, चांगलं चमचमीत ओकोनोमियाकी, म्हणजे इथलं कोबीचं जाड धिरडं, खाल्लं, मन रमवलं. म्हातारीचं डोकं फिरलंय दुःखाने, दुसरं काही नाही. लाडू मांजराने नेले असतील. झाकण काढून, पुन्हा घालून? बरं, ओनिशी-साननी नेले असतील.

१० नोव्हेंबर, सोमवार

सकाळी ताट माझ्या स्वयंपाकघरात होतं. टेबलावर, गरम. रात्री कडी मी स्वतः लावलेली. तामुरा-सानकडे या घराची किल्ली आहे हे उघड आहे, पण कडीला किल्ली काय करणार? उचललं आणि बाकावर नेऊन आपटलं.

चारुताला फोन केला. ती म्हणाली, आई, बरी आहेस ना? काल दोनदा फोन केलास आणि काय विचित्र विचारत होतीस. कपाटाच्या किल्ल्या कुठे असतात. तू घरी आल्यावर कुठे बसतेस. शेजारच्या प्रभावतीकाकूंना तू काय म्हणून हाक मारतेस.

मी काल फोन केला नाही. तिला तसं सांगितलं तर हसली. म्हणाली, आणि चौदाला येतेस हे तरी नक्की ना?

एकोणीसला. मी एकोणीसला जाणार आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

उजवा गुडघा सुजलाय. स्टेशनचा जिना उतरताना ठणकतो.

गल्लीत कचऱ्याची जाळी कोणी आवरायची याची पाटी असते, दर आठवड्याला एका घराची पाळी. या आठवड्याच्या खणात लिहिलंय तामुरा काझुए. लिहिणाऱ्याचं अक्षर माझं आहे. ‘ए’ची शेपटी लांब ओढायची माझी खोड मला ओळखू येणार नाही का? मी लिहिलेलं नाही. शपथेवर सांगते, मी लिहिलेलं नाही.

तिकीट बदलून घेतलं. उद्या दुपारचं विमान. बॅग भरली. पासपोर्ट आणि फोन पर्समध्ये, पर्स उशीखाली. काही झालं तरी परवा मी माझ्या लेकीजवळ असणार.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

पर्स आहे. पासपोर्ट नाही. फोन नाही. साड्यांची बॅगही नाही. खुंटीवर एक करडा स्वेटर आणि पँट, माझ्या मापाची.

म्हातारीच्या दारावर मुठी आपटल्या. ती दार उघडून म्हणाली, सूप गार होतंय.

स्टेशनजवळच्या पोलीस चौकीत गेले. तरुण पोलीस भला होता. सगळं लिहून घेतलं, विमानतळावर फोन लावला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, स्नेहलता कामत नावाच्या बाईंनी तिकीट सकाळच्या विमानावर घेतलं. त्या दहा वाजताच गेल्या. पासपोर्ट तपासला, चेहरा जुळला, लाल साडी होती.

मी ओरडले, कामत मी आहे! त्याने मान डोलावली. मग तामुरा-सानना बोलावून घेतलं, आणि त्या आल्यावर त्यांना म्हणाला, एवढ्या वर्षांनी आल्यात, थोडा गोंधळ व्हायचाच.

त्याने लिहिलेला कागद मी वाचला. नावाच्या जागी काझुए. मी तर माझं नाव सांगितलं होतं. तीनदा.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

लोणच्याच्या दुकानातून घरी फोन लावला. चारुताने उचलला. मी म्हटलं, चारू, तुझ्या घरात येईल ती मी नाही, दार उघडू नकोस, धीरजला बोलाव. मराठीत. स्पष्ट मराठीत म्हटलं.

चारुता मागे वळून कोणाला तरी म्हणाली, आई, तुझा फोन आहे गं, कोणी जपानी बाई आहे. रडतेय बहुतेक.

फोनवर माझा आवाज आला. माझा, खोकल्यासकट. जपानीत म्हणाला, बरं झालं फोन केलात. माझ्या आईला सांभाळा. तिला खारट सोसत नाही.

मग ठेवला.

दुकानात ओनिशी-साननी खुर्ची दिली. मुळ्याचं लोणचं दिलं. मी खाल्लं. मला आवडलं. देवा, मला आवडलं—

१५ नोव्हेंबर

वकिलातीत जायचं ठरवलं. गुडघा धड उचलत नाही. कोपऱ्यापर्यंत गेले, तर सगळी गल्ली दारात. कोणी अडवलं नाही. फक्त म्हणत होते, लवकर ये हं. म्हातारी बाकावर बसली होती. तशी बसून तिने एकतीस वर्षं काढली. मी परत फिरले. का फिरले? तिची दया आली. खरंच दया आली, आणि त्याचीच जास्त भीती वाटते.

विचार करतेय. माझ्या नावाने घरी कोणी ताट मांडलं तर मी परत जाईन. चारुता मांडेल. पण आईच्या नावाने ताट मांडायला आई हरवायला हवी, आणि आई तर तिथे—

१८ नोव्हेंबर

पुन्हा फोन. धीरजने उचलला. माझ्याशी काहीतरी इंग्रजीत बोलला, हळू, परक्याशी बोलावं तसं. एवढं कळलं की कळा लवकर सुरू झाल्या. मुलगी झाली. दोघी घरी. आजी बाळाला खाली ठेवायलाच तयार नाही, म्हणाला. हसत होता.

मागे बाळ रडत होतं. मग गप्प झालं. एकदम.

तारीख?

फोनवर माझं मराठी पोहोचत नाही. लिहिलेलं पोहोचेल. वही पाठवते. पत्ता सहकारनगर, इमारत— इमारतीचं नाव आठवेना. लेकीचं आठवतं. अजून आठवतं.

चारुता, ती तुझी आई नाही. ती वाईट आहे असंही मी म्हणत नाही. तिला एकतीस वर्षं घर नव्हतं. पण मी तिच्या वाटचा भात खाल्ला, तिने माझे लाडू खाऊन माझी जागा घेतली, आणि आता दुसऱ्या कोणाची तरी जागा बघत असेल तर— लहान जागा, अजून नाव न ठेवलेली— तर तिला बाळाला काहीही भरवू देऊ नकोस. मधाचं बोटसुद्धा नको. चारू, बाळाला तिच्या मांडीवरून आत्ताच्या आत्ता—