रडणं इथं ठेवून जा

६ जानेवारी
अखेर नोकरी मिळाली! लग्न करून साताऱ्याहून पुण्यात आल्यापासून सलिल त्याच्या ऑफिसात आणि मी घराच्या खिडकीत, असं चाललं होतं. आजपासून धायरीतल्या एका केंद्रात समुपदेशक म्हणून रुजू झाले. नैराश्य, आघात यांतून जाणाऱ्या बायकांसाठीच हे केंद्र आहे. औषधांच्या दुकानावरचा पहिला मजला, भरपूर ऊन. जिन्यात पाटी: 'चपला बाहेर काढाव्यात. सल्ले देणाऱ्या नातेवाइकांनी खालीच थांबावे.' मी मोठ्यानं हसले. केंद्र चालवणाऱ्या सुनीतीताई साठीच्या आहेत, फार मृदू बोलतात. सुरुवातीची सेशन्स माझी. शेवटचं त्या स्वतः आतल्या खोलीत घेतात.

९ जानेवारी
आज तुळजाबाई आल्या. इथल्याच जुन्या गावकरी. त्यांच्या शेतावर आता सोसायट्या आहेत. गेल्या वर्षी त्यांची मुलगी शेफाली सासरच्या विहिरीत सापडली. घरच्यांनी सासरच्यांशी मिटवून घेतलं. तेव्हापासून बाई धड जेवत नाहीत आणि लग्नकार्यात, पाहुण्यांत, कुठंही एकच बोलतात : "पडली न्हाई ती. ढकललंय तिला."
मुलगा संभाजी मला म्हणाला, "मॅडम, झोपेचं बघू नंतर. आधी तिचं हे बोलणं थांबवा."
बोलणं हाच उपचार असतो, असं मी त्याला सांगितलं. मग बाईंचा हात धरून ऐकत बसले. जाताना त्या कपभर चहा प्यायल्या.

१७ जानेवारी
सुनीतीताईंनी तुळजाबाईंना आतल्या खोलीत नेलं. बाई हसत बाहेर आल्या. संभाजी ताईंच्या पाया पडला. मी शेफालीचं नाव काढलं, तर तुळजाबाईंनी मला विचारलं, "कोन गं ती?"
ते गेल्यावर आतल्या खोलीतून रडणं ऐकू आलं. दार उघडलं. दुपारचं ऊन, दोन खुर्च्या. माणूस कुणी नाही. आवाज तुळजाबाईंचा होता. ढकललंय तिला, म्हणत होता.

१९ जानेवारी
ताईंना विचारलं. त्या दचकल्यासुद्धा नाहीत.
"रडणं इथं ठेवून जायचं असतं, स्पृहा. घरी नेलं की घरच्यांना त्रास होतो."
बाई बरी झाली की नाही ते घरचेच ठरवतात, असंही म्हणाल्या. मग चहा मागवला.
आज नीट कान दिला. आवाज एक नाही, खूप आहेत. कुणी सासऱ्याचं नाव घेतंय. कुणी आईला विचारतंय, तुला माहीत होतं ना, मग तू—

२३ जानेवारी
तुळजाबाईंना एकटं बोलावून त्या खोलीत नेलं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "कोन बाई रडतीया? तिला कुनी न्हाई का?" रिकाम्या खुर्चीपाशी बसल्या. लेकराला घ्यावं तसे हात पसरले. आवाज थांबला. आणि मग त्यांच्याच घशातून तो— शेफाली, शेफाली—
वाचली बाई, असं वाटलं मला.

२४ जानेवारी
संभाजीनं त्यांना परत आणलं. दंडाला धरून. बरी झालेली आई मी बिघडवली, म्हणाला. मी आतल्या खोलीच्या दारात आडवी उभी राहिले. त्यानं मला बाजूला ढकललं आणि बाईंना आत नेलं. ताईंनी पोलिसांना नाही, सलिलला फोन केला.

२५ जानेवारी
सलिल म्हणतो, मी फार मनाला लावून घेते. त्याला पूर्वीची स्पृहा हवी आहे. मी आवाजांचं सांगितलं, ते त्यानं ताईंना कळवलं— माझ्या आजाराचं लक्षण म्हणून—

२७ जानेवारी
राजीनामा देऊन येऊ, सलिल म्हणाला, म्हणून त्याच्याबरोबर आले. आता आतली खोली. दार बाहेरून लावलंय. वही तेवढी राहू दिली.
ताई विचारतायत, काय सलतंय. सांगणार नाही. ओठ मिटून घेतलेत. राग माझा आहे, तो मी इथं—
कोपऱ्यात कुणीतरी रडायला लागलंय. माझे ओठ मिटलेलेच आहेत. तरी आवाज— माझा. सलिलला हाका मारतोय. सलिल दारापलीकडेच आहे, मोबाइलवर काहीतरी बघतोय, मला ऐकू येतंय, म्हणजे त्यालाही हे—
मला आता तितकंसं वाईट वाटत नाही. ती बाई मात्र फारच मोठ्यानं—