खांब हलत नाही, तर घर हलवा

मी, गल्लीच्या तोंडावरचा सायकलवाला, वय बावन्न, डोकं ठिकाणावर, जीभ तिखट. कोणाच्या दबावाखाली नव्हे, फक्त एका दोरीच्या जाचाखाली हे लिहून ठेवत आहे. दोरी समोरच्या झेंड्याच्या खांबाची. वारा सुटला की ती ठण् ठण् आपटते आणि माझी दुपारची झोप देशाच्या चरणी अर्पण होते.

एक. हा खांब माझ्या थोरल्या भावाने, गल्ली समितीच्या अध्यक्षाने, बरोबर गल्लीच्या तोंडात रोवला. उंची बघायला सगळे माना वर करून उभे होते. वाट किती उरली ते बघायला कोणी खाली पाहिलं नाही. पुढच्याच महिन्यात गल्लीच्या शेवटच्या घरी शिवलेले कपडे द्यायला गेलेल्या माझ्या बायकोच्या छातीत कळ आली. रुग्णवाहिका खांबापाशी अडली. फळवाल्याने संत्री रस्त्यावर ओतली आणि तिला हातगाडीवरून बाहेर नेलं. उशीर झाला होता.

मी म्हटलं, “दादा, खांब दोन हात सरकव.”

“देशाचा खांब सरकवतात होय रे? तुला अभिमान म्हणून नाहीच!”

दोन. त्याचं उत्तर लेखी देतो. मला लाज वाटते. शेजाऱ्याचं छप्पर गळलं तर कोणी लाजत नाही, आपलं गळलं की लाजतो. म्हणजे देश माझाच आहे, दादा. तू नुसता खांबाचा मालक. रुग्णवाहिका गल्लीच्या शेवटच्या दारापर्यंत जाईल, त्या दिवशी माझ्या नावाने खुशाल अभिमान बाळग.

तीन. खांब हलत नसेल तर घर हलेल. माझ्या पश्चात दुकानाची पुढची खोली पाडून गाडी वळेल एवढी वाट करावी. मागच्या दोन खोल्या आणि बँकेतली शिल्लक धाकट्या बहिणीला. पाडकामाचा खर्च तिने त्यातूनच करावा. उद्घाटनाला दादा आलाच, तर हातात फावडं द्यावं.

चार. बायकोचं शिलाई मशीन वहिनीला. तिने एकदा आमची बाजू घेतली होती, तीही नवरा आंघोळीला गेल्यावर. हवेचा पंप न्हाव्याला. नाहीतरी नेलेला पंप परत आणायची त्याला सवय नाही.

दादाला काही नाही. खांब आहे की.

ठिकाण: दुकानाचा ओटा. आज, मंगळवार, दोरी चालू असताना.

सही: सायकलवाला
साक्षीदार: फळवाला (सही), शाळेच्या बाई (सही)

सह्यांखाली एवढंच: बायकोला नेलं त्या दिवशी खांबाच्या चौथऱ्याला धडकून फळवाल्याच्या हातगाडीचं चाक वाकलं. मी भरपाईचं नाव काढलं की तो उठून जातो. मघाशी तो एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत होता, तेवढ्यात मी नवं चाक बसवून आलो. त्याची सही झाली आहे. आता इथपर्यंत तो वाचणार नाही.