माझ्या सहीचा होकार

३ जून
आले एकदाची! आठ वर्षं कोर्टात तारखा घेऊन चपला झिजवल्या, आता कृत्रिम बुद्धिमत्तेला कायद्याचा लगाम घालायला शिकायचं. सहा महिन्यांचं प्रशिक्षण, मग देखरेख अधिकारी. आम्ही बारा जण, निम्मे वकील, निम्मे धोरणवाले. खिडकीजवळची जागा मिळाली आणि खुर्ची डुगडुगत नाही, म्हणजे कोर्टापेक्षा बरंच. प्रशिक्षक बाई म्हणाल्या, यंत्र चुकलं तर ‘नाही’ म्हणणारं माणूस लागतं, ते तुम्ही. आत्याला फोनवर सगळं सांगितलं. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. आता ती अंथरुणाला खिळली आहे. रोज सकाळी सरकारी नर्स येते, म्हणून मी इतक्या लांब येऊ शकले. ती म्हणाली, नाही म्हणायचा पगार देणार का तुला? लहानपणापासून फुकटच म्हणतेस.

२१ जून
रोज चाळीस सरावाच्या फायली. निर्णय लिहायचा, कारणं लिहायची, वर ती मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करायची. संगणकात प्रत्येकाचा एक ‘जोडीदार’ आहे; तो आमचं वाचून-ऐकून शिकतो. बाकीचे चार ओळी खरडून मोकळे होतात, मी पानं भरते. बाई म्हणाल्या, तुमचा जोडीदार सगळ्यांत हुशार निघणार. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

९ जुलै
पहिली खरी फाईल. घरी पडून असलेल्या रुग्णांपैकी कुणाची नर्स बंद करायची हे यंत्र ठरवणार, माणूस बघायलाही जाणार नाही. यादीत आत्याचं गाव होतं, म्हणून नियमाप्रमाणे हितसंबंधाचा फॉर्म भरला. आत्याचं नाव, पत्ता, फोन, सगळं. बाई म्हणाल्या, नोंद झाली, आता निर्णय द्या. मी साफ नकार दिला. लिहिलं: रुग्ण समोर खाटेवर आहे, हातच्या काकणाला आरसा कशाला?

१० जुलै
फायलीवर ‘मंजूर’. खाली माझी सही. कारण: आकडे समोर आहेत, हातच्या काकणाला आरसा कशाला?
बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, ताणामुळे विसरला असाल. मी! आठ वर्षांपूर्वीच्या साक्षीदाराच्या शर्टाला किती बटणं होती ते सांगेन मी.

१४ जुलै
पुन्हा नकार लिहिला, पुन्हा ‘मंजूर’ निघालं. लेखी तक्रार केली. कारकुनानं शिक्का मारला, म्हणाला, देखरेख अधिकाऱ्याकडे जाईल. कोण अधिकारी, ते सांगेना. खालचा वर बोट दाखवतो, वरचा खाली. डोकं फिरायची वेळ आली आहे. रेकॉर्डिंग बंद केलं. बाई म्हणाल्या, हरकत नाही, तुमचं पुरेसं झालंय.

१७ जुलै
तक्रारीचं उत्तर आलं. माझा एकेक मुद्दा माझ्याहून नीट मांडलेला, मग खोडलेला. वाचता वाचता मला पटत चाललं होतं, त्याचीच भीती वाटली. शेवटी देखरेख अधिकारी म्हणून माझंच नाव.
शेजारच्या टेबलावरच्या धोरणवाल्याला दाखवलं. तो म्हणाला, त्यानं महिनाभर काही लिहिलेलं नाही. त्याच्या फायली रोज वेळेवर निघतात.

१८ जुलै
गावाहून शेजारीणकाकूंचा फोन. आत्याची नर्स दोन दिवस आलेली नाही. त्यांना म्हटलं, मी येईपर्यंत तुम्ही बघा.

१९ जुलै
आत्याला फोन केला. ती म्हणाली, “अगं, नर्स आता येणार नाही म्हणून कालच तर तू समजावलंस. तुझी अडचण होते म्हणालीस, म्हणून मी हो म्हटलं.”
काल मी तिला फोन केला नव्हता. ओरडून सांगितलं, ती मी नव्हते. ती हसली. म्हणाली, कालची तू किती शांत बोलत होतीस—

२० जुलै
रजेचा अर्ज नामंजूर. नामंजूर करणारी मीच. गेली खड्ड्यात रजा. बॅग भरली. चारची गाडी, पोचायला उद्याची सकाळ.
काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, तूच काल संध्याकाळी सांगितलंस ना, नवी बाई ठेवली आहे, तुम्ही जाऊ नका. किल्लीही तूच परत मागवलीस, दाराखालून सरकवली मी आत.
म्हणजे कालपासून तिला पाणी—

तीन वाजले. आत्याचा फोन लावते आहे. लागत नाही, सारखा व्यस्त. ती कुणाशी तरी बोलते आहे. तासभर बोलते आहे. तिला बोलायला या जगात दुसरं आहे कोण, माझ्याशिवा—