प्लेटचे तोंड कोणीकडे

॥ श्री ॥

भेस्तान, सुरत
७ जानेवारी १९९६

चि. सुभद्रा हिस धुडकूदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

घोर अन्याय सोसत हे पत्र लिहितो आहे. माझ्या चष्म्याची डावी दांडी मोडली. उजवी काळी असताना दुकानदाराने डावीकडे तपकिरी बसवली आणि वर ‘चालसे’ म्हणाला. या शहरात माणूस उलटा शिवून दिला तरी चालसे. तेव्हापासून पलसाण्याच्या आमच्या डाइंग हाउसातली पोरे मला उजवीकडून नमस्कार करतात आणि डावीकडून हसतात.

त्यातच आपले होऊ घातलेले व्याही बळीरामअण्णा यांचे पत्र आले. गायत्रीला पसंत करून गेले ते थेट माझ्या खिशापर्यंत पोहोचले. हुंडा त्यांच्या तत्त्वात बसत नाही. मुलीने घरात फक्त उजेड घेऊन यावा, एवढीच त्यांची नम्र इच्छा. आंबेखडीत विजेचे खांब आले आहेत, तारा यायच्या राहिल्या आहेत. म्हणून मुलीच्या मामाने आंदणात सोलर द्यावे आणि त्यावर रंगीत टीव्ही, दोन पंखे, चार ट्यूबलाइट आणि ‘सुनेच्या सोयीसाठी’ मिक्सर चालावा. सून अजून उंबऱ्याबाहेर आहे आणि तिने काय काय वाटायचे ते ठरलेसुद्धा.

तरी तू रडशील म्हणून मी स्टेशनजवळच्या सोलरवाल्याकडे गेलो. अण्णांनी प्लेट केवढी हवी इथून सुरुवात केली आहे. सोलरवाला म्हणाला, ते सगळ्यात शेवटी. आधी काय काय चालवायचे आणि रोज किती तास, ते सांगा. त्यावरून बॅटरी ठरते आणि ती बॅटरी दिवसभरात भरेल एवढी प्लेट लागते. मी अण्णांची फर्माईश वाचली. त्याने कागदावर बराच वेळ गुणाकार केले आणि वीस प्लेटा, ट्रकच्या असतात तशा आठ बॅटऱ्या, एक इन्व्हर्टर आणि बॅटऱ्यांना स्वतंत्र खोली असा हिशेब सांगितला. म्हणजे अण्णांचे छप्पर पुरणार नाही, शेजाऱ्याचेही आंदणात मागावे लागेल.

मग साधी माणसे काय नेतात ते विचारले. कपाटाच्या दाराएवढी एक प्लेट, एक बॅटरी आणि दोन बारक्या ट्यूब. संध्याकाळी चार तास उजेड. एखादा दिवस आभाळ आले तरी निभते. प्लेट दुप्पट केली तर लहान काळा-पांढरा टीव्हीही दोनेक तास चालतो. तेवढे मी आनंदाने देईन. मिक्सरचे नाव काढताच सोलरवाला हसला आणि पाट्यावरवंट्याला ऊन लागत नाही म्हणाला.

गायत्रीला आशीर्वाद. तुझा दादावरचा लोभ चष्म्यासारखा दुरंगी होऊ देऊ नकोस.

तुझा,
धुडकूदादा

॥ श्री ॥

दोंडाईचा
१५ जानेवारी १९९६

ती. दादास सुभद्राचा शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र वाचून गायत्री पोट धरून हसली. मला हसू आले नाही. आपली माय म्हणायची, धुडकूनी जीभ म्हणजे हिरवी मिरची. ती मिरची कृपा करून अण्णांच्या पत्रात घालू नकोस.

पोर पंचविशीची झाली. तिचे वडील असते तर मी तुला त्रास दिला नसता. याआधीची दोन स्थळे कशी परत गेली ते तुला माहीत आहे. एकाला रंग खटकला, दुसऱ्याला बाप नसलेले घर. योगेंद्र बी.एस्सी. आहे, शाळेत विज्ञान शिकवतो, सुपारीसुद्धा खात नाही. गायत्रीला पाहायला आला तेव्हा तिने केलेले शेवेचे कालवण दोनदा मागून घेतले. असा मुलगा एका प्लेटपायी घालवू का? गल्लीत बाया आत्तापासून साखरपुड्याची तारीख विचारतात.

तू एकदा आंबेखडीला जा. जागा पाहा, गोड बोल आणि तुझे ते लहान सोलर त्यांच्या गळी उतरव. तुला जमते. पोरांना आशीर्वाद, वहिनींना नमस्कार. या बहिणीवर आहे ती माया अशीच राहू दे.

तुझी,
सुभद्रा

॥ श्री ॥

भेस्तान, सुरत
३० जानेवारी १९९६

चि. सुभद्रा हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

आंबेखडीला जाऊन आलो. इतका गोड बोललो की मलाच मुंग्या लागतील असे वाटले. आधी चांगली बातमी. लहान सोलर अण्णांनी मान्य केले. मिक्सर सोडला, पंखे सोडले, काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर आले. मला संशय यायला हवा होता.

माणूस एवढा का सुधारला ते गच्चीवर गेल्यावर कळले. अण्णांना सोलर चालवायचे नाही, दाखवायचे आहे. प्लेटसाठी त्यांनी लोखंडी स्टँड आधीच करून घेतला आहे, चांगला उभट. त्याला चंदेरी रंग दिला आहे आणि खाली पेंटरकडून ‘सौरगृह’ असे लिहून घेतले आहे. स्टँडचे तोंड रस्त्याकडे. आणि रस्ता आहे उत्तरेला.

मी म्हणालो, अण्णा, आपल्या मुलखात सूर्य बहुतेक वर्ष दक्षिणेकडे कललेला असतो, प्लेटचे तोंड तिकडेच हवे. अण्णा म्हणाले, दक्षिणेला गोठा आहे, तिथे ती म्हशी बघणार का? मी म्हणालो, उत्तरेला ठेवली तर हिवाळ्यात बॅटरी निम्मीसुद्धा भरणार नाही, संध्याकाळी जेवणाच्या वेळीच दिवे मान टाकतील. मग त्यांनी ठेवणीतला मुद्दा काढला. दक्षिण ही यमाची दिशा. सुनेच्या आंदणाचे तोंड यमाकडे करणे त्यांच्या कुळात बसत नाही. अंधार झाला तर कंदील आहेच.

आता ऐक. तुझा बी.एस्सी. तिथेच उभा होता. मी त्याच्याकडे पाहिले, म्हटले, मास्तर, पोरांना काय शिकवता ते एकदा वडिलांना सांगा. त्याने पायाच्या अंगठ्याकडे पाहिले आणि चहा सांगायला खाली गेला. त्यानंतर आला तो चहा घेऊनच. अण्णांचा मला राग नाही. मूर्ख माणूस निदान आपल्या मूर्खपणाला जागतो. माहीत असून चहा आणणाऱ्याचे काय करायचे?

तरी निर्णय तुम्हा मायलेकींचा. उत्तरेकडे हवे तर उत्तरेकडे बसवून देतो, जावयाच्या घरी अंधार पाडायचेही मामालाच पैसे पडतील. हे पत्र गायत्रीला वाचायला दे, लपवू नकोस. राग आला तरी जीव लावणे सोडू नये.

तुझा,
धुडकूदादा

॥ श्री ॥

दोंडाईचा
१७ फेब्रुवारी १९९६

ती. मामांस गायत्रीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचे पत्र आईने दोन दिवस गव्हाच्या कोठीत ठेवले होते. मग स्वतःच काढून दिले.

मी योगेंद्र यांना पत्र घातले. खरी दिशा माहीत असून तुम्ही गप्प का राहिलात, एवढेच विचारले. त्यांचे उत्तर काल आले. अक्षर फार सुंदर आहे. लिहितात, दक्षिणच बरोबर आहे, पण बाबांच्या शब्दाबाहेर ते आजवर गेलेले नाहीत. लग्नानंतर मी हळूहळू बाबांना पटवून द्यावे, सुनेचे ते ऐकतील. म्हणजे प्लेट मामांनी द्यायची आणि वळवायची मी. आज प्लेट आहे. उद्या माझी नोकरी असेल, आजारपण असेल, मुलीची शाळा असेल, आणि हे चहा सांगायला खाली जातील.

मामा, मला हे लग्न करायचे नाही. लोक काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. तीन स्थळे गेलेली मुलगी, असे म्हणतील. म्हणू देत. आई कालपासून जेवलेली नाही आणि माझ्याशी बोलतही नाही. तुम्ही रागावू नका, मोडल्याचे पत्र तेवढे तुम्ही घाला. मामींना नमस्कार. आजवर पाठीशी होतात, तसेच राहावे.

आपली,
गायत्री

दादा, मी सुभद्रा. हिने योगेंद्रचे पत्र मला मोठ्याने वाचून दाखवले. लग्न होऊन आले तेव्हा सासरी चुलीचा सगळा धूर माझ्या डोळ्यांत यायचा. सासूबाई म्हणायच्या, चूल आहे तशीच राहील. गायत्रीच्या वडिलांनी आपल्या आईला एकदा सांगून पाहिले, दोनदा सांगून पाहिले, आणि तिसऱ्या दिवशी स्वतः माती कालवून चूल फिरवली. ते चौथी नापास होते. पोरगी म्हणते तसे लिही. आज आम्ही दोघी जेवलो.

॥ श्री ॥

भेस्तान, सुरत
२४ फेब्रुवारी १९९६

श्री. रा. रा. बळीरामअण्णा यांस,

सा. न. वि. वि. आमची गायत्री आपल्या घरी येणार नाही. हा निर्णय तिचा आहे आणि तिच्या आईला व मला तो मान्य आहे. दोष ग्रहांवर घालू नये, ते आपापल्या जागी नीट आहेत. आपला स्टँड सुबक आहे. त्यावर वाळवणे चांगली होतील, मात्र तोंड फिरवून घ्यावे. घरातील सर्वांस यथायोग्य.

आपला,
धुडकू

ता. क. त्या दिवशी आपल्या गावापासून फाट्यापर्यंतचे माझे जीपभाडे चि. योगेंद्र यांनी दिले होते. ते आज मनीऑर्डरने पाठवले आहे. मनीऑर्डर त्यांच्याच नावे आहे, सही त्यांनीच करावी.